नानांनी सांभाळलेल्या काचा

कारभारी नानांचं नाव आधी घेतो, मग काय घडलं ते सांगतो. नानांच्या पाठोपाठ नानींचं. ही दोन माणसं नसती तर हे लिहायला मी उरलोच नसतो. नानांनी मला पाण्यातून ओढून काढलं आणि नानींनी हुलग्याचं माडगं पाजून पायावर उभं केलं. त्या बदल्यात माझ्यामुळे त्यांच्या वाट्याला काय आलं ते पुढं येईलच. गावाचं आणि पुलाचं नाव लिहीत नाही. नानांचं मात्र लिहितोय, कारण त्यांनीच सांगितलं, "माझं नाव घाल. म्या काय पळून चाललो न्हाई."

मी मूळचा भंडाऱ्याकडचा, वैनगंगेच्या काठचा. आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. धरण झालं, मासा कमी झाला, सातवीनंतर माझी शाळा सुटली. पोहता येतं आणि पाण्याखाली दम धरता येतो, एवढ्या एका गुणावर मी जुने पूल तपासणाऱ्या कंपनीत लागलो. कंपनीची गाडी सुप्याला कारखान्यांच्या मागं एका आवारात उभी असते. मीही तिथंच एका खोलीत राहतो. घर इतकं लांब आहे की आईला सुपा कुठं आहे ते अजून सांगता आलेलं नाही. ती विचारते, पुण्याच्या अलीकडं की पलीकडं? मी अलीकडं म्हणतो. तिला बरं वाटतं.

लोकांना वाटतं, पूल तपासायचा म्हणजे साहेब येणार, कठड्याला टेकून फोटो काढणार, चहा पिऊन जाणार. तसंही होतं, नाही असं नाही. पण नीट तपासायचा तर पूल खालून बघावा लागतो. आमच्या गाडीला एक लांब लोखंडी हात आहे. तो कठड्यावरून बाहेर जातो, खाली वळतो आणि पुलाच्या पोटाखाली येतो. त्याच्या टोकाला पाळणा. पाळण्यात इंजिनिअर मॅडम आणि मी. माझ्या हातात हातोडी. ठोकत ठोकत पुढं सरकायचं. चांगलं बांधकाम खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं फुटक्या माठासारखं बद्द वाजतं. बद्द वाजलं की मी खडूनं गोल काढतो, मॅडम फोटो घेतात.

खांब पाण्यात असेल तर पाळण्याचा काही उपयोग नाही. तिथं मी. या भागात पुलाच्या खालच्या अंगाला बऱ्याचदा बंधारा असतो. फळ्या टाकल्या की पाणी मागं तुंबतं, वर जलपर्णी माजते, खाली अंधार. डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखंच. सगळं हातानं चाचपायचं. वाहतं पाणी खांबाच्या पायाखालची माती खरवडून नेतं आणि आत पोकळी होते. वाळूवाल्यांनी जवळपास नदी उपसली असेल तर ती लवकर होते. पोकळीत हात घालून बघायचा. बोटं गेली तर वर येऊन सांगायचं. कोपरापर्यंत गेला तर नीट माप घ्यायचं. खांद्यापर्यंत गेला तर आधी मुकाट्यानं बाहेर यायचं, माप नंतर.

मी स्वभावानं भित्रा आहे. एसटी पुलावर आली की माझे दोन्ही पाय आपोआप उचलले जातात, जसं काही त्यानं गाडीचं वजन कमी होणार आहे. शेजारचा माणूस बघतो. मी पायात मुंग्या आल्या म्हणतो.

गिऱ्हाईकंही तऱ्हेतऱ्हेची भेटतात. काष्टीच्या अंगाला बाजाराच्या दिवशी आम्ही एका ओढ्यावरच्या पुलाला ठोकत होतो. बैल विकून आलेला एक गृहस्थ तासभर बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, एवढं झालं की माझ्या घराच्या स्लॅबला पण दोन ठोके मारून जा, पावण्यांसारखं जेवून जा. आम्ही गेलो. स्लॅब बद्द वाजला. त्यानं पुन्हा जेवणाचा विषय काढला नाही. आणखी एका गावात पुलाच्या सांध्यात पिंपळ उगवला होता. पिंपळाची मुळं दगड फोडतात, तो काढायलाच हवा. पण गावातलं कुणी त्याला हात लावीना. सगळे माझ्याकडं बघायला लागले. लांबचा माणूस, त्याला पाप लागलं तर ते त्याच्या गावी जाईल, असा हिशेब. तेव्हापासून पिंपळ मीच उपटतो. आतापर्यंत किती उपटले ते मोजायचं मी टाळतो.

कुठं तरी एखादा पूल पडतो, माणसं जातात, टीव्हीवर येतं, आणि मग आमचे फोन वाजायला लागतात. सगळं तातडीचं. आज या, उद्या रिपोर्ट द्या. थोड्या दिवसांनी टीव्हीवर दुसरं काही येतं आणि आमचे कागद जिथं असतात तिथं पडून राहतात. मला आधी वाटायचं, आपण पूल वाचवतो. आता वाटतं, आपण फक्त आधी सांगून ठेवतो.

नानांचा पूल अशाच एका तातडीत आमच्याकडं आला. पुणतांब्याचा बाजार करणाऱ्या गावांपैकी एक गाव. जुना, दगडी कमानींचा पूल. खाली तुंबलेलं हिरवं पाणी आणि अलीकडं उसाचा पट्टा. हंगामात सगळा ऊस याच पुलावरून साखर कारखान्याला जायचा. दुसरा रस्ता होता, पण इतक्या वळशाचा की ट्रॅक्टरची एक खेप त्यातच जावी.

मी खांबाशी खाली गेलो. पाण्याखाली खांबाला कुणाचं तरी जुनं, फाटकं जाळं गुंडाळून राहिलं होतं. माझा पाय त्यात गेला. जितका ओढला तितका आवळला. वर माझ्या कमरेची दोरी धरणारा आमचा माणूस फोनवर बोलत होता. दम संपत आला तेव्हा आई आठवली नाही, देव आठवला नाही. एवढंच वाटलं, बाबाला काय सांगतील, पोरगं जाळ्यात मेलं म्हणून?

नाना तेव्हा काठावर पाण्याची मोटार चालू करायला आले होते. हातात विळा होता. दोरी ताणलेली, आणि तिला हिसके बसायचे थांबलेत, एवढं त्यांनी पाहिलं आणि धोतरासकट उडी टाकली. विळ्यानं जाळं कापलं. मला काठावर टाकलं, पालथा करून पाणी काढलं, आणि मी डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न विचारला, "कुनाचा रं तू?"

मी म्हणालो, "ढिवराचा जी."

"ढिवराचं पोर अन् जाळ्यात घावलं?" नाना म्हणाले. "मासा म्हनूनच आलता का काय?"

काठावरचे सगळे हसले. मीही हसलो आणि हसता हसता रडलो. आमच्याकडं मोठ्या माणसाशी बोलताना 'जी' लावतात. इकडं तसं कुणी बोलत नाही. त्या दिवसापासून गावानं माझं नाव 'जी' ठेवलं. अय जी, हिकडं ये. जी, भाकर खाल्ली का.

नदीचं ते पाणी पोटात गेलं होतं, ताप भरला. गाडी पुढच्या पुलाला न्यायची होती, ती गेली, मी नानांच्या घरी राहिलो. नानी सकाळ-संध्याकाळ माडगं करायच्या. मला आधी ते घशाखाली उतरेना. आमच्याकडं भात, इकडं भाकरी आणि हे माडगं. नानी वाटी पुढं धरून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पी. तुझी माय हितं असती तर तिनं शिव्या देऊन पाजलं असतं. मला शिव्या देता येत न्हाईत, म्हनून उभी हाय." ट्रॅक्टर चालवणारा त्यांचा मुलगा दत्ता माझ्याच वयाचा. तो रोज कारखान्याच्या गमती सांगायचा आणि माझ्या बोलण्याची नक्कल करायचा. घर सोडल्यापासून मी इतका निवांत कुठंच झोपलो नव्हतो.

मी बरा झाल्यावर मॅडम परत आल्या. पहिली कमान खांबावर जिथं टेकते तिथं दगडांतून एक तडा वर गेला होता. तडा जुना असेल आणि थांबलेला असेल तर फार भीती नाही. वाढत असेल तर आहे. हे बघायची जुनी, साधी पद्धत आहे. तड्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी बसवायची, दोन्ही बाजूंना सिमेंटनं पक्की करायची, वर तारीख कोरायची. काच ताणली जात नाही. तडा केसाएवढा जरी हलला तरी ती तडकते. काच शाबूत म्हणजे तडा झोपलेला. आम्ही तशा काही पट्ट्या लावल्या. काठाजवळचीच कमान, शिडी लावली की हात पोचायचा.

लक्ष ठेवायला जवळचा माणूस लागतो. नाना तिथंच, त्यांची मोटार तिथंच. मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. काच तडकली की कळवा, हेही सांगितलं असणार. माझ्या आठवणीप्रमाणं सांगितलं. पण त्याच्या आधी त्या म्हणाल्या होत्या, पोरं दगड मारतात, गुराखी खेळतात, एवढ्या काचा सांभाळा, फुटता कामा नयेत. नानांनी तेवढंच मनाशी धरलं. म्हणाले, "फुटू देतो व्हय. घरच्या आरशावानी सांभाळतो."

पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हा गेलो. काचा जिथल्या तिथं, शाबूत. तारखा तशाच. मॅडमचा चेहरा उजळला. मग मी पाण्यात उतरलो. मागच्या वेळी जिथं हात कोपरापर्यंत गेला होता तिथं आता खांद्यापर्यंत गेला आणि बोटांना पलीकडं काही लागलं नाही. मी वर येऊन सांगितलं. मॅडमना काही कळेना. पाया एवढा पोकळ झाला असेल तर कमान थोडी तरी खचणार, तडा थोडा तरी उघडणार. मग काच शाबूत कशी? त्यांनी दोन्ही लिहिलं. पोकळी वाढली आहे, अवजड वाहनं थांबवावीत. तडा स्थिर आहे, काचा शाबूत आहेत. वरच्यांनी यातलं काय वाचलं असेल ते सांगायला नको. हंगाम संपल्यावर बघू, असं उत्तर आलं.

ऊस सुरू झाला. दिवाळीला मला घरी जाता आलं नाही, म्हणून नानांनी जेवायला बोलावलं. सुप्याहून मी दोन गाड्या बदलून दुपारी पोचलो. नानींनी पुरणपोळी केली होती. ताट वाढून झालं आणि नाना म्हणाले, "जी, तुला एक दाखवायचंय. रागावू नको."

त्यांनी फळीवरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचा. आमच्याच. आमच्याच तारखा कोरलेल्या. प्रत्येक तडकलेली.

दगड लागला तर काच चांदणीसारखी फुटते. या फुटल्या नव्हत्या. मधोमध, एका रेषेत तडकल्या होत्या.

नाना सांगत होते. पहिली तडकली तेव्हा त्यांना वाटलं, पोरांचं काम. बाभळीखाली बसून पाळत ठेवली, कुणी सापडेना. मग वाटलं, पाखरं चोच मारत असतील. "म्हनलं, मॅडम ह्यालाच बोलतील. गरिबाचं पोर, इतक्या लांबचं, नोकरी जायची बिचाऱ्याची. म्हनून पुनतांब्याला फोटोफ्रेमवाल्याकडनं तशीच कापून आनली. तारीख बी त्याच्याकडनंच तशीच काढून घेतली. शिडी लावून बसवली. पुन्हा तडकली, पुन्हा आनली. ह्या जुन्या टाकल्या न्हाईत. सरकारी माल हाय."

मी विचारलं, कितीदा? नाना म्हणाले, डब्यात हायत तेवढ्यांदा.

बाहेरून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. हंगामात तो येतच असतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. टेपवर गाणं लावून, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन कुणी तरी पुलाकडं चाललं होतं. नानी म्हणाल्या, दत्ताच हाय, त्याचं गानं वळकू येतं.

मी म्हणालो, "नाना, काच तडकावी म्हणूनच लावली होती जी. तडा वाढला की ती तडकते. तेच बघायचं असतं."

नानांनी डब्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "मंग म्या..." म्हणाले आणि थांबले. नंतरही कधी ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. खुंटीवरची टोपी घातली आणि चप्पल न घालता पुलाकडं निघाले. मी मागं पळालो.

आम्ही पोचलो तेव्हा दत्ताचा ट्रॅक्टर पलीकडं उतरला होता. मी मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. तोवर नाना रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. मागून आलेले ट्रॅक्टर थांबले. तासाभरात रिकामा होऊन दत्ता परत आला, तोही पलीकडच्या तोंडाला थांबला. खाली उतरून चालत आला.

"नाना, बाजूला व्हा. मागं लाईन लागलीय."

"पूल फुटलाय."

"कुठं फुटलाय? आत्ता तर गेलो की त्याच्यावरनं." सगळे हसले. दत्ता माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्याच्या डोक्यातनं निघालं आसंल. पुरनपोळी खाऊन पूल पाडतोय."

नानांनी सगळ्यांसमोर सांगितलं, काचा तडकत होत्या, त्या मी बदलत होतो. लोकांना ती मोठी गंमत वाटली. म्हातारा सरकारी काचा बदलत बसला होता. कुणी तरी नानांच्या खांद्याला धरून त्यांना अगदी प्रेमानं रस्त्याच्या कडेला नेऊन बसवलं. मी त्यांच्याशेजारी बसलो. एकेक ट्रॅक्टर पुलावर चढायचा आणि उतरेपर्यंत आम्ही दोघं श्वास धरायचो. माझे पाय वर उचलले गेले होते. नानांनी ते पाहिलं.

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या, तडा मोजला, पूल पूर्ण बंद करावा असं लिहून दिलं. या वेळी दखल घेतली गेली. पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी चौकटी उभ्या केल्या, माणसं नि मोटारसायकली जातील, उसाची ट्रॉली जाणार नाही इतक्या उंचीच्या. पाटी लागली. मला वाटलं, झालं. मी सुप्याला परतलो आणि किती तरी दिवसांनी नीट जेवलो.

चौकट आठवडाभरही टिकली नाही. कुणी तरी गॅस कटर आणून तिचे खांब बुडापासून कापले आणि उसाच्या कडेला आडवे टाकले. कापणाऱ्यांना मी सर्वस्वी दोष देत नाही. तोडलेला ऊस उन्हात वाळत होता, ऊसतोडीच्या टोळ्या बसून होत्या, वळशाच्या रस्त्यानं खेपा निम्म्या होत होत्या. आणि पूल तर उभा दिसत होता. उभ्या पुलाला पडका म्हणणं हेच आमचं काम आहे आणि ते कुणालाही पटत नाही, कारण बघणाऱ्याला तो उभा दिसतो. गॅस कटर कुणाच्या ट्रॉलीतून आलं ते नानांना कळलं. दत्ताच्या.

नानांनी मुलाला काही विचारलं नाही. जेसीबीवाला बोलावला आणि पुलाला चढणारा रस्ता आपल्या शेताच्या कडेला जिथं येतो तिथं आडवा, खोल चर खणून घेतला. ट्रॅक्टर जाईना, मोटारसायकल जाईना. दत्तानं बापाला पहिल्यांदा अरेतुरे केलं. नानींनी मध्ये पडून दोघांना सोडवलं. नाना चराच्या काठावर खाट टाकून बसले आणि कुणी बुजवायला आलं की खाटेसकट आत उतरून झोपायचे. मला हे सगळं नानींनी फोनवर सांगितलं. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "जी, ह्यांनी सगळा हंगाम मातीत काढला बघ."

सार्वजनिक रस्त्याचं नुकसान केलं म्हणून नानांवर गुन्हा दाखल झाला. तक्रार गावातूनच गेली होती. एका पुढाऱ्यानं येऊन दोन्ही बाजूंना समजावलं आणि ऊस वळशानं गेला. काही लोकांचं नुकसान झालं, ते खरंच झालं. त्यांनी नानांच्या घरी येणं सोडलं. नानींना हळदीकुंकवाला बोलावणं येईना. दत्तानं त्याच घरात वेगळी चूल मांडली.

पुढच्या पावसाळ्यात वर धरणातून पाणी सोडलं. एका सकाळी नानांचा फोन आला.

"जी, कमान बसली रं."

मी विचारलं, "कोण होतं वर?"

"कुनी न्हाई," नाना म्हणाले. "कुत्रं बी न्हाई."

मला वाटलं, आता तरी लोक समजतील. नानांनाही तसं वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यांचा आवाज मोकळा होता. पण दोन दिवसांत गावात वेगळंच बोलणं सुरू झालं. नानानं चर खणला, चरातून पाणी आत शिरलं, त्यानं पूल गेला. इतकी वर्षं उभा होता, चर खणल्यावरच कसा पडला? जे ट्रॅक्टर पुलावर गेले नाहीत ते पडलेही नाहीत. जी माणसं वाचली त्यांना कुणी वाचवलंय हे दाखवायचं कसं? मेलेला माणूस दाखवता येतो, न मेलेला दाखवता येत नाही. आमच्या धंद्याचं सगळं दुःख यात आलं.

आता नाना तालुक्याला कोर्टाच्या तारखांना जातात. पूल नाही, म्हणून वळशानं. दत्ताच त्यांना मोटारसायकलवर नेतो. जाताना बोलत नाही, येताना बोलत नाही, पण नेतो. नानी म्हणतात, एवढं बी लई झालं.

डबा माझ्याकडं आहे. नानांनीच दिला, तुझ्या कामाच्या काचा हायत म्हणून. तडा वाढत होता आणि पूल चरामुळं पडला नाही, हे त्या काचा सांगतात. पण त्याच काचा हेही सांगतात, की नानांनी त्या बदलल्या आणि आम्हाला अंधारात ठेवलं. कंपनीतून मला समजावण्यात आलं, तू सातवी शिकलेला, कोर्टात काय बोलशील, कुठं अडकशील, घरी तुझ्यावर अवलंबून माणसं आहेत. दमदाटी नाही केली. खांद्यावर हात ठेवून सांगितलं. मॅडम दुसऱ्या राज्यात गेल्या. बोलावलं तर येईन म्हणाल्या, कुणी बोलावलं नाही.

मी नानांना विचारायला गेलो. वाटलं होतं, ते म्हणतील राहू दे. त्यांचा वकीलही तेच म्हणत होता, काचांचं काढू नका, तुमच्याच अंगलट येईल. नाना मोटारीपाशी बसले होते. समोर नदीत दगडांचा ढीग, त्यावर जलपर्णी अडकलेली.

"काच म्याच बदलली," नाना म्हणाले. "अन् चर बी म्याच खांदला. दोन्ही माझंच हाय. एकच सांगितलं तर ते खोटं झालं. तुला जमंल तवा सांग. न्हाई जमलं तरी माडगं हायच."

हे ऐकून मी सुप्याला परत आलो आणि दुसऱ्या दिवशी आणखी एका पुलाच्या पायाशी हात घालून माप घेतलं. कोपरापर्यंत गेला. वर येऊन सांगितलं. लिहून घेतलं गेलं.

नाना, हे तुम्हाला दत्ता वाचून दाखवेल अशी आशा करतो. तुम्ही विळा घेऊन उडी टाकलीत तेव्हा पाणी किती खोल आहे ते विचारलं नव्हतं. मी अजून काठावर उभा राहून विचारतोय. भित्रा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पण ज्या तारखेला तुमचं नाव पुकारतील, त्यांपैकी एका तारखेला डबा घेऊन मी दारात उभा असेन. दोन्ही सांगेन, काच पण, चर पण. तोवर एवढं उधार ठेवा जी.